पेंढ्यातली अंजिरं

माझी वहिनी या माघात वारली. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडते, दोन पानं होतात, मग उठून घागरीत पाणी आहे का बघते. असतं. परत येऊन वाचलेलंच पुन्हा वाचते. मी शिकवते त्या शाळेत मुली पाढे म्हणतात आणि मी खिडकीबाहेर बघत राहते. त्या थांबल्या तरी मला कळत नाही. लिहायला बसले की निदान हात तरी एका जागी राहतो, म्हणून हे लिहायला घेतलं आहे. तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल मला काही सांगता येणार नाही, मी तिथे नव्हते. मला आठवतात ती अंजिरं.

आमचं गाव कर्जतहून पळसदरीकडे जाताना लागतं. घरासमोर भाताची खाचरं, मागे लगेच डोंगर. घरात फळ म्हणजे आंबा. परसात रायवळची जुनी झाडं होती आणि त्यांचे आंबे पिकवणं हे माझ्या आईचं काम होतं. वडील लवकर गेले, त्यानंतर शेतीचं पुष्कळसं तिच्या हातातून निसटलं, पण आंब्याची अढी मात्र तिच्यासारखी कुणाला घालता येत नसे. देठासकट उतरवलेले हिरवे, घट्ट आंबे ती माळ्यावर पेंढ्यात निजवायची. थरावर थर. मग ठरलेल्या दिवशी पेंढा उचलून एकेक आंबा कुशीवर वळवायची. शेजारणी तिला बोलवायला यायच्या. कच्चं फळ घरी आणावं आणि घरच्या उबेने पिकवावं, यात तिला एक प्रकारचं घरंदाजपण वाटे. बाजारात पिकलेलं फळ विकत घेणारी बाई तिच्या मते आळशी होती.

वहिनी सासवडच्या बाजूची. तिच्या वडिलांची अंजिराची बाग होती. लग्न होऊन आली तेव्हा ती माझ्या आईला ‘आत्याबाई’ म्हणू लागली, देशावर सासूला तसंच म्हणतात; आईला ते फार दिवस खटकलं. “मी कुठं हिच्या बापाची भयीण?” असं ती मला पाणवठ्यावर म्हणायची, आणि दुसऱ्या कुणी वहिनीला नावं ठेवली की त्या बाईशी भांडायची. दादा मुंबईला एका वखारीत कारकुनी करत होता. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. म्हणजे घरात आम्ही तिघीच.

मी तेव्हा मराठी सातवीच्या परीक्षेला बसणार होते. दुपारी वहिनी तांदूळ निवडायची आणि मी तिला गोष्टी वाचून दाखवायची. तिला वाचता येत नव्हतं, पण तिच्यासारखं ऐकणारं माणूस मला पुन्हा मिळालं नाही. राजकन्या रानात हरवली की ती हात थांबवून विचारायची, “आन् ती जेवली कवा, वन्सं?” पुस्तकात ते नसायचं. मग मला बनवून सांगावं लागायचं.

दुसऱ्या पावसाळ्यात तिला हिवतापाने धरलं. डोंगराखालच्या गावांत तो घरटी असतोच, पण तिला तो सोडेना. कोयनेलचं कडू औषध पिऊन कान वाजायला लागले. दिवाळीनंतर ताप गेला, अन्न मात्र आत जाईना. भाताचा घास तोंडात फिरवत बसायची. होळी झाली तरी तेच. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम संपलं, आता पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर पुढचा पावसाळा हिला झेपणार नाही.

तेवढ्यात तिच्या वडिलांचा निरोप आला: हनुमान जयंती झाली की येतो आणि लेकीला घेऊन जातो.

आईने निरोप ऐकला आणि सबंध दिवस कामात एकावर एक चुका केल्या. संध्याकाळी मला म्हणाली, “आजारी सून माहेरी गेली, की ती तिकडचीच व्हते. लोक काय म्हनतील? सासूनं उपाशी मारली.” मी म्हटलं, लोक काही म्हणणार नाहीत. पण मलाही तीच भीती होती. लोकांची नाही, ती जाण्याची. तिच्याशिवाय मी त्या घरात दुपार कशी काढणार होते, ते मला दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई तिच्या उशाशी बसली. “तुला काय खावंसं वाटतं ते सांग. काय पन सांग. मी करीन.”

वहिनी भिंतीकडे तोंड करून होती. तशीच म्हणाली, “अंजीर.”

आई लगेच उठली. डोक्यावरून पदर घेतला आणि मला म्हणाली, “चल गं.”

कर्जतच्या बाजारात स्टेशनाच्या वाटेवर एक फळांचं दुकान होतं. पुण्याकडून येणारी गाडी घाट उतरून आली की ब्रेकासाठी जोडलेलं इंजिन सोडायला कर्जतला थांबते. तेवढ्या वेळात मुंबईला निघालेल्या टोपल्यांपैकी दोन-चार इथे उतरत. चैत्रात त्यात अंजिरं असायची, पानं घालून रचलेली. दुकानदाराने टोपली आईसमोर सरकवली. वरची काही फळं मऊ पडून फाटलेली होती, खालची हिरवट आणि टणक.

“मावशी, ही वरची न्या. गोड हायेत, कमी घेतो.”

आईने एक उचललं आणि नाक मुरडलं. “फुटकी माझ्या गळ्यात घालतोस व्हय? ही तुझ्या बायकोला दे.”

“तिलाच देतो. रोज उरतात.”

“म्हनून ती गोड झाली असंल. माझी सून आजारी हाय, तिला चांगली पायजेत.”

दुकानातल्या बायका हसल्या. आई मात्र कामाला लागली होती. एकेक फळ उचलून अंगठ्याने दाबायची, देठाशी हुंगायची, डाग शोधायची. जे दबलं ते बाजूला. जे दगडासारखं, बिनडागाचं, देठाशी पांढरा चीक असलेलं, ते पदरात. आंबा निवडते तसं. मी बाजूला उभी होते आणि मला ते बरोबरच वाटत होतं. आमच्या घरात दुसरी काही रीतच नव्हती.

“कडक हायेत, चार दिस टिकतील,” दुकानदार म्हणाला.

“टिकायलाच पायजेत,” आई म्हणाली. ती खूश होती.

घरी आल्यावर वहिनीला काही न दाखवता ती माळ्यावर चढली. उन्हाळी आंब्यासाठी ठेवलेला पेंढा पसरला, त्यात अंजिरं निजवली, वर आणखी पेंढा. मला बजावलं, “बोलू नको. पिकली की एकदम ताटात ठेवीन.”

मग वाट बघणं सुरू झालं. आई सकाळी माळ्यावर, दुपारी माळ्यावर. मी पुस्तक घेऊन बसायची आणि डोळे शिडीकडे. खाली वहिनी पडून असायची. आपण एक गोष्ट मागितली आणि ती कुणी आणली नाही, असंच तिला वाटत असणार. पण ती पुन्हा मागणाऱ्यांतली नव्हती. एकदा वर पेंढा सळसळला तेव्हा म्हणाली, “वर उंदरं झालीत का, वन्सं?”

“असतील,” मी म्हटलं.

“मोठाली दिसत्यात.”

अंजिरं पिकली नाहीत. आधी त्यांची साल सुरकुतली, मग ती चामड्यासारखी झाली. देठाशी आलेला चीक पिवळा पडून वाळला. काहींवर बुरशी धरली. आई माळ्यावर मांडी घालून बसली होती, एक सुकलेलं अंजीर तळहातावर घेऊन. “आंबा असा कवा वागला नाय,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “वहिनीलाच विचारू या. तिच्या घरची बाग आहे.”

“आजारी मानसाला? मंग म्हनंल, सासूला अंजीर पन कळत नाय.”

ती तडक कर्जतला गेली आणि दुकानदाराशी भांडली. तो म्हणाला, तुमच्या पेंढ्यात काय होतं ते मला काय माहीत? आईने त्याच्याकडूनच पुन्हा अंजिरं घेतली, यावेळी अधिक टणक, अधिक हिरवी. पहिल्या वेळी ऊब कमी पडली असं तिने ठरवलं होतं. पेंढा दुप्पट घातला, वर घोंगडी टाकली, घोंगडीवर पाटा ठेवला. मला आता हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. हनुमान जयंती जवळ येत चालली होती आणि वहिनी आता पेजसुद्धा अर्ध्यावर ठेवत होती.

घोंगडीखालची अंजिरं दोनच दिवसांत सडली. उन्हाने माळा तापला आणि त्यांचा वास खाली आला, ताडीसारखा आंबूस. आई पाण्याला गेली होती. मी उशाशी वाचत होते. वहिनीने मान वळवली, नाकपुड्या हलल्या.

“वन्सं, वर अंजीर आंबलंय.”

मी पुस्तक मिटलं.

“आमच्या बागेत झाडाखाली सडा पडतो, तवा असाच वास येतो. वर अंजीर कुठनं आलं?”

मग मी सांगून टाकलं. अढी, पेंढा, घोंगडी, पाटा. पाट्यापर्यंत आले आणि ती हसायला लागली. आवाज फुटत नव्हता, नुसतं अंग हलत होतं. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं तिला काही होतंय, म्हणून मी पाणी आणायला उठले. तिने माझा हात धरून मला बसवलं.

“माझ्यासाठी आणली व्हती?”

“हो.”

“दोनदा?”

“दोनदा.”

मग ती छताकडे बघत बोलू लागली, आणि मी तिचा एकेक शब्द अजून ऐकू शकते. “अंजीर झाडावरच पिकतं. तोडलं की जसं हाय तसं. मग ते नुसतं म्हातारं व्हतं. मान टाकलेलं बघा, वन्सं. ताठ मानेचं नको. देठाशी चीक दिसला तर ठिवून द्या, व्हट सोलतात. दाबू नका, तळहातावर ठिवा, पिकलेलं जड लागतं. साल फाटली तर फाटू द्या. बुडाच्या डोळ्याशी रसाचा थेंब आला असंल तर तेच घ्या. पर आतनं फेस दिसला, आंबूस वास आला, की नको. त्याची येळ टळली. आन् आणलं की त्याच दिशी खायचं.”

“आईला सांगू?”

“नगा. त्या म्हातारपणी दोनदा चालत गेल्या.”

दुसऱ्या दिवशी मी आईला म्हटलं, दुकानात मी जाते. “तू? तुला वांगी निवडता येत नायत,” ती म्हणाली, पण तिचा धीर सुटला होता, तिने जाऊ दिलं.

वाटेवर शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजत होते, जळत्या पालापाचोळ्याचा धूर जमिनीलगत साचला होता. मी फार लवकर पोचले. गाडीला उशीर होता. मी दुकानापासून स्टेशनापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. वहिनीचे वडील येण्याचा दिवस उद्यावर आला होता. उद्या ते येणार आणि आम्ही त्यांना काय दाखवणार? अर्धी पेज?

गाडी आली, टोपली उतरली, दुकानदाराने पानं बाजूला केली. मला बघून तो म्हणाला, “आज काय न्यायचं? तुझ्या आईनं दगड नेले.”

मी मान टाकलेलं एक उचललं. तळहातावर ठेवलं. जड होतं का? कशाच्या मानाने जड? दुसऱ्या हातात टणक घेतलं. तेव्हा फरक कळला. साल फाटली होती, आत लालसर दिसत होतं. बुडाशी ओल होती. पण ती रसाची की सडण्याची? ऐकताना सगळं स्वच्छ वाटलं होतं. हातात घेतल्यावर पिकलेलं आणि टळलेलं यांच्यात एवढंसंच अंतर होतं आणि ते मला दिसत नव्हतं. मी हुंगलं. पुन्हा हुंगलं.

मागे उभी असलेली एक बाई तिच्या सोबतिणीला म्हणाली, “ही शिकतेय ना गं सातवी? बघ, कुजकी वेचतेय.”

“आईनं दगड नेले, लेक चिखल नेते,” दुकानदार म्हणाला.

वाढत्या वयाच्या मुलीने बाजारात उभं राहून काही खायचं नसतं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि ते अंजीर खाल्लं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं. आत बारीक बिया, मऊ गर, आणि गोडी अशी की ती जिभेवर आधी येतच नाही, गिळताना येते. आंबट कुठेच नव्हतं. मग मला जरा कळलं. मी त्या वासाचीच आणखी शोधली. वेळ लागला. दुकानदार कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. छोटी परडी भरली तेव्हा त्यात एकही फळ दिसायला चांगलं नव्हतं.

परतताना मी परडी छातीशी धरून चालले. हादरा बसू नये म्हणून हळू, आणि ऊन वाढतंय म्हणून घाईने. घरी पोचेपर्यंत खालची दबली होती, परडीतून रस गळत होता.

ओटीवर जाड तळाच्या, धुळीने माखलेल्या वहाणा होत्या. वहिनीचे वडील एक दिवस आधीच आले होते. त्यांच्याशेजारी मोठी टोपली, घरच्या बागेतल्या अंजिरांची. आई दाराआड उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिने सुनेची तब्येत त्यांच्या डोळ्यांतून बघून घेतली होती.

“ईनबाई,” ते हळू म्हणाले, “पोर अशी झाली आन् कळवलं न्हाई.”

“काय कळवायचं, इवाय,” आई म्हणाली. “करत होतो जमंल ते.”

आत हालचाल झाली. वहिनी भिंत धरत उंबऱ्यापर्यंत आली. होळीनंतर ती स्वतः उठून आलेली मी पाहिली नव्हती. ती खाली बसली, वडिलांची टोपली ओढली आणि पान उचललं.

“आबा, हिरवीच काढलीसा?”

“गाडीत चेंगरत्यात, बाय. म्हणून जरा आधी काढली.”

“तुमाला बी सांगाया लागतंय.” तिने दोन-चार फळं हातात घेऊन परत टाकली. मग माझ्या परडीकडे हात केला. मी ती पुढे ठेवली. रस गळून ओटीच्या सारवणावर डाग पडत होता, मला लाज वाटत होती. वहिनी निवडू लागली. हे बाजूला, हे बाजूला, ह्याची वेळ टळली. आणि निवडता निवडता तिने एक तोंडात टाकलं. कुणाकडे न बघता. मग दुसरं. मनगटाने ओठ पुसले आणि तिसरं घेतलं.

आई दाराआडून बाहेर आली. तिने परडीतल्या फाटक्या अंजिरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी वहिनीने वाटीभर भातही खाल्ला, तो तिने स्वतः वाढून घेतला. आईने मला स्वयंपाकघरात हळूच म्हटलं, “आता नाय नेत. खायला लागली.” मलाही तसंच वाटलं.

सकाळी वहिनीने पुन्हा खाल्लं. तिचे वडील बघत होते. “रात्रभर मला घोर व्हता, ही गाडीत बसंल का,” ते म्हणाले. “आता बसंल. आजच्याच गाडीनं निघतो.”

एवढी सरळ गोष्ट आमच्या दोघींच्या लक्षात आली नव्हती.

आई म्हणाली, “न्या. पर पावसाआधी पोचवा.”

“आणतो की, ईनबाई.”

मी वहिनीचं गाठोडं बांधत होते. लुगड्याच्या घड्या मोडून पुन्हा घालत होते, उगीचच. शेवटी विचारलं, “येशील ना?”

तिने गाठीवर हात ठेवला. “वन्सं, तुमच्यात कुणी वाईट न्हाई. पर हिथं मला झोप लागत न्हाई. डोंगर लई जवळ हायेत. डोळा मिटला की वाटतं, कुणीतरी उशाशी उभं हाय. आमच्याकडं लांबवर मोकळं दिसतं. मी किती येळा ठरवलं की सवय व्हईल.”

मला वाटलं होतं तिला अन्न जात नाही ते तापामुळे. मी गाठ पक्की केली.

स्टेशनवर पुण्याकडे जाणारी गाडी घाटासाठी मागे इंजिन जोडेपर्यंत उभी राहते. तो वेळ फार मोठा वाटला. वहिनी खिडकीशी बसली होती, आई खाली उभी राहून तिला पाणी कुठे प्यायचं आणि वारा कुठून लागेल ते सांगत होती. वहिनी प्रत्येक गोष्टीला “व्हय, आत्याबाई” म्हणत होती. मागून धक्का बसला, डबे हलले. आई गाडीबरोबर थोडी चालली, मग थांबली.

पावसाळा लागला. वहिनी आली नाही. दादा आता शनिवारी कर्जतला न उतरता तसाच पुढे सासवडला जाऊ लागला. श्रावणात एकदा आला तेव्हा जेवणानंतर म्हणाला की पुण्याला एका पेढीत नोकरी मिळाली आहे, दोन खोल्या बघितल्या आहेत. तिची तब्येत तिकडे सुधारते आहे. तो आईकडे बघत नव्हता. मला तो आता रडेल असं वाटलं.

आई ताटं गोळा करत होती. तिने विचारलं, “खोलीच्या जवळ बाजार हाय का?”

“हो. मंडई जवळच आहे.”

“अंजिरं येतात तिथं?”

“येतात की.”

“मंग तिला स्वतः जाऊ दे आनायला,” आई म्हणाली. “तू आनू नको. तुला कळायचं नाय.” आणि ताटं घेऊन ती मागच्या दाराने पावसात गेली.